हळद लागलेल्या ट्यूबा

सत्यजित वाघुळदेने तीन वर्षांत एकही अ‍ॅम्प्लिफायर बनवला नव्हता. पण न बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल त्याच्याइतकी माहिती शिकागोजवळच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाणं ऐकायला खिशात फोन आहे, कानात घालायला बोंडं आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? तर छंदिष्ट माणसाला 'कशाला' असं विचारू नये. पूर्वी रेडिओ स्टेशनं आणि घरात बसून बिनतारी गप्पा मारणारे हौशी लोक ज्या मोठाल्या काचेच्या ट्यूबा वापरत, त्या शोधून काढून त्यांच्यावर घरगुती अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी एक जमात जगभर पसरलेली आहे. आवाज आकाशात फेकायला बनवलेली ट्यूब दिवाणखान्यात गायला लावली की गाण्याला जो गोडवा येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही, असं ही जमात शपथेवर सांगते. सत्यजित या जमातीत सामील झाला. मेख एकच होती. या ट्यूबांना हजार व्होल्ट लागतात आणि सत्यजितला विजेची भीती वाटत असे.

त्याच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, जळगावला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. नवव्या वर्षी सत्यजितने तिथे एका उघड्या वायरला हात लावला आणि तो उडून ग्रीसच्या डब्यात जाऊन बसला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सत्यजित तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. दुकानाकडे पाठ फिरवून तो कॉम्प्युटर शिकला, अमेरिकेत आला आणि शिकागोतल्या एका विमा कंपनीत रिस्कच्या खात्याला लागला. कशात काय बिघडू शकतं हे आधीच सांगायचं, याचा तिथे त्याला पगार मिळे. सवय मग घरीही लागली. गॅरेजमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची पेटी तयार होती, ट्रान्सफॉर्मर बसले होते, वायरी जोडून झाल्या होत्या. फक्त स्विच दाबायचा राहिला होता, कारण कुठल्या ट्यूबा लावायच्या याचं इव्हॅल्युएशन पूर्ण व्हायचं होतं. इव्हॅल्युएशनचं घोंगडं तीन वर्षं भिजत पडलं होतं आणि त्याची बायको सुलेखा तीन हिवाळे बाहेर उभ्या गाडीवरचा बर्फ खरवडत होती.

अशात ऑगस्टमध्ये शेजारचा हॅरल्ड एक खोकं घेऊन दारात आला.

हॅरल्ड शहाऐंशी वर्षांचा. नोकरी टेलिफोन कंपनीत केली आणि उरलेल्या वेळात पन्नास वर्षं तळघरात बसून रेडिओवरून पेरूपासून न्यूझीलंडपर्यंत अनोळखी लोकांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. बायको चार वर्षांपूर्वी गेली. आता घर विकलं होतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुलगी त्याला अ‍ॅरिझोनाला न्यायला येणार होती. खोक्यात आठ ट्यूबा होत्या. वीतभर उंच, टपोऱ्या, डोक्यावर धातूची टोपी आणि बुडाला सात जाडजूड पाय. हॅरल्डने प्रत्येकीच्या काचेवर मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने शेरा लिहिला होता. तिघींवर 'गुड', दोघींवर 'फेअर', एकीवर 'नो' आणि दोघींवर 'सेव्ह'.

"पैसे नकोत," हॅरल्ड म्हणाला. "फक्त मी जायच्या आत 'सेव्ह' लिहिलेल्या या दोन लाव आणि मला ऐकव. एकदाच. एवढीच अट."

सत्यजितने तत्काळ शब्द दिला. ऑगस्टमध्ये ऑक्टोबर फार लांब दिसतो.

त्याने मग एक्सेलमध्ये तेवीस रकाने काढले. बनावट, काचेचा रंग, फिलामेंटचा रेझिस्टन्स, टिचकी मारल्यावर येणारा नाद, काय म्हणाल ते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅरल्डचा शेरा: गुड एक, गुड दोन, सेव्ह एक. सप्टेंबर संपला तेव्हा तक्ता भरत आला होता आणि ट्यूब एकही पेटली नव्हती.

*

त्याची आई शैलजा जूनपासून नेपरव्हिलला आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, आणि कुठलंही भांडं हातात आलं की आधी उपडं करून बूड पाहणारी. जळगावच्या भांड्यांच्या बाजारात तिची दहशत होती. कढई उलटी करून "ही कुणीतरी परत केलेली आहे, दुसरी दे," असं ती म्हणाली की दुकानदार मुकाट्याने आत जाई. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सुलेखाच्या कपाटात सर्वांत वर ठेवलेले निळ्या नक्षीचे कप काढून उलटे केले. दुकानाची चिठ्ठी तशीच बुडाला चिकटलेली होती.

"अगं, अकरा वर्षं झाली ना हे घेऊन?"

"आई, ते चांगले आहेत," सुलेखा घाईघाईने म्हणाली. "ते रुहीच्या ग्रॅज्युएशनला काढणार आहे." मुलगी रुही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

हॅरल्डशी आईची गट्टी कुंपणावरून जमली. ती मराठीत बोले, तो इंग्रजीत. ती कोथिंबीर देई, तो टोमॅटो देई, आणि दोघांनाही आपलं बोलणं समोरच्याला कळल्याचं पूर्ण समाधान असे. ती त्याला हॅरल्डभाऊ म्हणे.

खंडेनवमी बुधवारी आली. अण्णांच्या दुकानात त्या दिवशी काम बंद असे आणि पक्कड, हातोडी, पान्हे, वाइंडिंगचं मशीन, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावून पाटावर मांडलं जाई. चाळीस वर्षं हे काम आईने केलेलं. सुलेखा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, सत्यजित शिकागोला. आईने हत्यारांसाठी घर धुंडाळलं. कॉम्प्युटरला पाणी लावायचं नसतं एवढं तिला ठाऊक होतं. मग ती गॅरेजमध्ये गेली.

संध्याकाळी सत्यजित ट्रेनमधून उतरून घरी आला तेव्हा मागच्या डेकवर, पाटावर, आठही ट्यूबा ओळीने उभ्या होत्या. काचा लख्ख. टोप्या सोन्यासारख्या. प्रत्येकीच्या कपाळी हळदकुंकू, पुढ्यात झेंडूचं फूल, आणि शेजारी त्याचा मल्टिमीटर, तोही कुंकू लावून.

"आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? खंडेनवमी आहे. तुझी हत्यारं पुजली. तू तर विसरूनच जातोस."

"त्यांच्यावर लिहिलेलं होतं गं!"

"होतं ना, पिवळं पिवळं. नुसत्या फडक्याने निघेचना. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लावला तेव्हा कुठे गेलं. टोप्यांना चिंच लावली. किती कळकट होत्या रे!"

सत्यजित पाटासमोर मटकन बसला. एकीवरही अक्षर नव्हतं. मुंजीच्या पंगतीत एकसारखे चकोट केलेले बटू बसावेत तशा त्या आठजणी बसल्या होत्या. त्यातली गुड कोण, नो कोण आणि सेव्ह कोण हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एक्सेलमध्ये तेवीस रकाने होते, पण आकडे सगळ्यांचे जवळपास सारखेच, आणि कुठल्या ओळीची मालकीण कोण हेच कळायला मार्ग उरला नव्हता.

"अरे देवा," तो म्हणाला. "आई, तुला जरा विचारता नाही आलं? हे काय देवाचे टाक आहेत? संपूर्ण डेटा गेला माझा!"

आवाज जरा जास्तच चढला.  आईने फुलं गोळा केली आणि ती आत निघून गेली. तेवढ्यात सुलेखा बाहेर आली. तिने दुपारीच पाटाचा फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. "एक्केचाळीस हार्ट्स आलेत," ती म्हणाली, मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने फोन खिशात ठेवला.

*

दसऱ्याला सत्यजितने सुट्टी घेतली आणि मीटर घेऊन बसला. एकीचं फिलामेंट तुटलेलं निघालं. ती 'नो' असणार. उरल्या सात. सातही जणींचं फिलामेंट शाबूत होतं, पण मीटर यापुढे काही सांगायला तयार नव्हता. टिचकी मारून पाहिली, सगळ्या सारख्याच वाजल्या. खरी परीक्षा हजार व्होल्ट दिल्यावरच होणार होती.

"मग दे ना हजार व्होल्ट," सुलेखा म्हणाली. "एकेक लावून बघ."

"असं रॅन्डम्ली नाही करता येत. सेव्ह कुठल्या तेच माहीत नाही. चुकीची लावली, काहीतरी शॉर्ट झालं तर? आधी प्रॉपर प्रोटोकॉल बनवायला लागेल. हॅरल्डला सांगतो, अ‍ॅरिझोनाला गेलास की व्हिडिओ पाठवतो."

"सत्यजित," सुलेखा शांतपणे म्हणाली, "लेबलं होती तेव्हा तरी तू कुठे स्विच दाबलास? महिनाभर होती ना लेबलं? तुला कधी ऑन करायचंच नव्हतं. तुला फक्त इव्हॅल्युएट करायचंय, यार. आणि आईंवर ओरडलास ते वेगळंच."

सत्यजितला राग आला, आणि राग ओसरल्यावर लाज वाटली, कारण तिचं म्हणणं खरं होतं. आईने पिवळी अक्षरं पुसली तेव्हा धक्क्याच्या मागोमाग त्याच्या मनाला एक चोरटा दिलासाही वाटून गेला होता. चला, आता तरी टाळता येईल. तो दिलासा त्याला स्वतःलाच आवडला नव्हता.

शुक्रवारी तो हॅरल्डकडे गेला ते व्हिडिओचं सांगायचं ठरवूनच. हॅरल्डचं घर रिकामं झालं होतं. भिंतींवर चित्रं काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या, आणि मधोमध एका घडीच्या खुर्चीवर म्हातारा बसला होता. सत्यजितने तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

"त्या 'सेव्ह'वाल्या दोन मी सदुसष्ट साली घेतल्या. कोऱ्या करकरीत. सगळ्यांत उत्तम. म्हटलं, या रोज जाळायच्या नाहीत, खास दिवसासाठी ठेवू. रोजच्याला बाकीच्या आहेतच. मार्गरेट विचारायची, खास दिवस कधी? मी म्हणायचो, येईल की." त्याने खांदे उडवले. "अठ्ठावन्न वर्षं झाली. मार्गरेट गेली. एकदाही पेटवल्या नाहीत मी त्या. मला त्यांचा उजेड कसा पडतो तेसुद्धा माहीत नाही."

सत्यजितने व्हिडिओचं नावही काढलं नाही.

"उद्या चार वाजता ये," तो म्हणाला.

घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. आई डाळ निवडत होती.

"आई, परवा ओरडलो. चुकलं माझं."

"हं," आई म्हणाली. डाळीतून मान वर केली नाही.

सत्यजितने मग तिला हॅरल्डची सगळी हकीकत सांगितली. सातांतल्या दोन कोऱ्या आहेत, कधीच न वापरलेल्या, त्याच उद्या लावायच्या आहेत आणि त्या कुठल्या ते कळायला काही मार्ग नाही.

आईने डाळीचं ताट बाजूला ठेवलं. "एवढंच ना? कोऱ्या कुठल्या तेच हवंय ना?"

ती गॅरेजमध्ये गेली. ट्यूब उचलली, उपडी केली, बूड पाहिलं, ठेवली. दुसरी उचलली. चौथी आणि सातवी तिने वेगळ्या काढून त्याच्या हातात दिल्या.

"पाय बघ यांचे. बाकीच्यांच्या पायांवर ओरखडे आहेत, खोबणीत घालूनकाढून पडलेले. या दोघींचे पाय गुळगुळीत. या कधी कुठे बसल्याच नाहीत."

सत्यजितने भिंग आणलं. सात पाय, एकावरही चरा नाही. दुसऱ्या पाचजणींचे पाय जुन्या चावीसारखे खरचटलेले. तेवीस रकान्यांत पायांचा रकाना नव्हता.

"हे तुला कधी दिसलं?"

"धुतानाच. सांगणार होते. पण तू विचारलं नाहीस, तू ओरडलास."

*

शनिवारी चारला पाच मिनिटं असताना हॅरल्ड इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आला. गॅरेजमध्ये तीन खुर्च्या मांडल्या होत्या. सत्यजितने पेटीवर दोन्ही ट्यूबा बसवल्या, एक डाव्या स्पीकरची, एक उजव्या. शेरे पुसले गेल्याचं त्याने हॅरल्डला अजून सांगितलं नव्हतं. हॅरल्डने काचांकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"डावा हात खिशात," हॅरल्डने हुकूम केला. "इतक्या व्होल्टेजजवळ नेहमी एकच हात. दुसरा हात कुठे टेकला की करंट छातीतून जातो. माझ्या गुरूने मला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

सत्यजितच्या ट्रॅक पँटला खिसा नव्हता. क्षणभर पेच पडला. मग सुलेखाने आपला स्वयंपाकाचा एप्रन आणून त्याच्या गळ्यात घातला. फिकट गुलाबी, त्यावर मोठमोठी सूर्यफुलं, पण पोटावर दणदणीत खिसा. त्यात डावा हात खुपसून सत्यजित वाघुळदे हजार व्होल्टांपुढे उभा राहिला.

पहिला स्विच फिलामेंटचा. तो दाबला आणि दोन्ही ट्यूबा उजळल्या. मंद लाल वगैरे नाही. चांगल्या साठच्या बल्बसारख्या, पिवळ्याधमक. गॅरेजच्या भिंतींवर सावल्या पडल्या. हॅरल्डने टायची गाठ नीट केली.

दुसरा स्विच मोठा. सत्यजितचं बोट त्याच्यावर आलं आणि तिथेच थांबलं. नवव्या वर्षीचा ग्रीसचा डबा त्याला स्पष्ट दिसला. खुर्च्यांवरचे तिघे त्या बोटाकडे बघत बसले होते. त्याने डोळे मिटले आणि दाबला.

काही फुटलं नाही. स्पीकरमधून एक खोल, बारीक गुणगुण आली. "साठ सायकल्स, घरच्या विजेचा सूर," हॅरल्ड जुना मित्र भेटल्यासारखा म्हणाला. सत्यजितने डोळे उघडले. तो हसायला लागणार एवढ्यात त्याला वास आला.

काहीतरी जळत होतं. मग डाव्या ट्यूबच्या मागून धुराची बारीक रेघ वर चढली. मग उजवीच्याही.

"जळालं!" सत्यजित किंचाळला आणि एका हाताने दोन्ही स्विच खाली ओढले. "सगळे बाहेर! ट्रान्सफॉर्मर गेला! सांगितलं होतं मी, सांगितलं होतं! प्रोटोकॉलशिवाय काही करायचं नसतं! संपलं. आता नाही. हॅरल्ड, आय अ‍ॅम सॉरी, मी नीट सगळं अ‍ॅनलाइझ करतो आणि तुला—"

"थांब रे जरा," आई म्हणाली. ती उठून पेटीजवळ आली आणि तिने हात न लावता वाकून दोनदा हुंगलं. "वाइंडिंग जळाल्याचा वास चाळीस वर्षं मी तुझ्या बापाच्या शर्टांतून धुतलाय. हा तो नव्हे. ही हळद करपली."

"हळद?"

"सकाळी लावली होती थोडी. मागच्या बाजूने, तुला दिसू नये म्हणून. दोन-दोन अक्षता पण होत्या. नवं काम सुरू करतोस, असंच कसं करू द्यायचं?"

सुलेखाने तोंडाला पदर नव्हता म्हणून बाही लावली. हॅरल्ड तिघांकडे आळीपाळीने बघत होता. "काय जळालं?" त्याने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सत्यजितने सगळं सांगून टाकलं: आजची हळद, बुधवारचा साबण, चिंच, पुसली गेलेली पिवळी अक्षरं. शुक्रवारी हॅरल्डसमोर आपण गप्प बसलो तेही सांगितलं. हॅरल्डच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"म्हणजे या त्या नाहीत?"

आईला इंग्रजी कळलं नाही पण चेहरा कळला. तिने शेल्फवरून उरलेल्यांतली एक ट्यूब उचलली, उपडी केली आणि हॅरल्डचं बोट धरून तिच्या पायांवरून फिरवलं. "हे ओरखडे बघा, हॅरल्डभाऊ. ही वापरलेली." मग पेटीवरच्या दोघींकडे बोट दाखवून तिने आपला तळहात दुसऱ्या तळहातावरून सरकन फिरवला. "या कोऱ्या. तुम्ही ठेवलेल्या त्याच."

हॅरल्ड बराच वेळ त्या ओरखड्यांवर बोट फिरवत राहिला. हे ओरखडे त्यानेच पाडलेले होते. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टेल हर, शी इज हायर्ड."

वीज साठून राहते म्हणून पाच मिनिटं थांबले, मीटरने खात्री केली, ट्यूबा निवल्यावर आईने स्वतःच ओल्या फडक्याने हळदीचे काळे डाग पुसले. आणि मग सगळे सत्यजितकडे पाहू लागले. आता स्विच टाळायला एकही कारण उरलं नव्हतं. त्याने डावा हात सूर्यफुलांच्या खिशात घातला, आणि यावेळी डोळे उघडे ठेवून दाबला.

गुणगुण आली. धूर आला नाही. वास आला तो फक्त तापलेल्या धुळीचा.

"म्युझिक?" हॅरल्डने विचारलं.

तीन वर्षं इव्हॅल्युएशन करणाऱ्या सत्यजितने पहिलं गाणं कुठलं लावायचं याचा विचारच केला नव्हता. त्याने घाईघाईने फोन वायरीला जोडला, घामेजलेला अंगठा भलतीकडेच पडला, आणि अठ्ठावन्न वर्षं खोक्यात बसलेल्या त्या दोन ट्यूबांमधून जन्मातला पहिला आवाज निघाला तो मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या अहिल्याताईंच्या बोलक्या निरोपाचा:

"नमस्कार मंडळी. दिवाळीच्या जेवणाचं सांगते. बटाट्याच्या भाजीत लसूण घालायची नाही. गेल्या वर्षी घातली होती. कुणी घातली ते मला माहीत आहे, मी नाव घेत नाही. पुऱ्या प्रत्येकीने चाळीस आणायच्या, आणि फुगलेल्या."

सुलेखा जमिनीकडे पाहू लागली. सत्यजित फोन बंद करायला धावला, पण हॅरल्डने हात वर करून त्याला थांबवलं. तो खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"ही बाई कुठे आहे?"

"ऑरोरात. दहा मैलांवर."

"नाही," हॅरल्ड म्हणाला. "ती इथे उभी आहे. तिच्या बांगड्या ऐकू येतायत. ती रागावलेली आहे, आणि तिला थोडी सर्दी झाली आहे. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. लसूण, चाळीस पुऱ्या, फुगलेल्या. सर्दी खरंच होती. फोनवर ती कधी कळली नव्हती. हॅरल्ड डोळे मिटून ऐकत होता. "पन्नास वर्षं मी जगभर बोललो," तो म्हणाला, "सगळे खरखरीतून बोलायचे, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. इतकं जवळ येऊन कुणी बोललं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मार्गरेटचा आवाज असा ऐकता आला असता." त्याचे डोळे पाणावले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

नंतर गाणीही वाजली, अर्धा-पाऊण तास. चांगली वाजली. सत्यजितला आनंदाने काय करावं सुचत नव्हतं. आज अण्णा असायला हवे होते, असं त्याला दहा वेळा वाटून गेलं.

पण माणसाचा स्वभाव जात नाही. सगळं बंद करून, ट्यूबा निवेपर्यंत थांबून, मीटरने खात्री करून झाली तसा सत्यजित पेटीवर वाकला आणि डावी ट्यूब हलकेच सोडवू लागला. शेजारी हॅरल्डच्या खोक्यातले त्यांचे मूळ पुठ्ठ्याचे दोन डबे त्याने तयार ठेवले होते.

"काय करतोयस?" सुलेखाने विचारलं.

"काढून ठेवतो. इतक्या चांगल्या आहेत, उगाच झिजवायच्या कशाला? रोजच्यासाठी त्या ओरखडेवाल्या लावतो. या काय, एखाद्या खास दिवशी—"

"ठेव तिथंच!" आई ओरडली.

"लीव्ह देम!" हॅरल्ड त्याच क्षणी ओरडला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हॅरल्ड काठीवर भार देत उठला, दोन्ही डबे घेतले, त्यांची बुडं उघडली, हाताने दाबून सपाट केले, गॅरेजच्या कोपऱ्यातल्या रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकले आणि झाकण लावलं. रिकामा डबा टाकून देणं आईच्या रक्तात नव्हतं. तिचा हात जरा पुढे आला होता. तो तिने मागे घेतला.

"सुलेखा," ती म्हणाली, "चहा टाक हॅरल्डभाऊंसाठी. ते वरचे निळे कप काढ."

"आई, ते रुहीच्या ग्रॅज्युएश—" सुलेखा बोलता बोलता थांबली. तिने सपाट झालेले डबे गेले त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग पायरीचं स्टूल उचललं आणि आत गेली.

चहा गॅरेजमध्येच झाला, आलं घालून. हॅरल्डने आपला कप सावकाश संपवला. मग दुपारभर शिकला होता तसं त्याने तो उपडा करून बूड पाहिलं. दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती.  नखाने त्याने ती चिठ्ठी सोलून काढली, कप सरळ केला आणि आईपुढे धरला, आणि आईने तो पुन्हा काठोकाठ भरला.